स्क्रू नसलेली कॅसेट

कॅसेटचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट नक्की आठवेल. कॅसेटच्या चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक असे पाच बारीक स्क्रू असत. टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली, ती तुटली, की घरातला कुणीतरी हौशी माणूस बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसे, कॅसेट उघडे, तुटलेली टोके चिकटपट्टीने जोडे आणि गाणे पुन्हा सुरू होई. मधल्या दोन-चार शब्दांचा बळी जाई, एवढेच.

पण काही कॅसेटना स्क्रूच नसत. आमच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची अशी एक कॅसेट होती. आजी गेल्यावर काही वर्षांनी तिची फीत तुटली. ती घेऊन मी कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, हिला स्क्रू नाहीत. ही उघडायची नसते, फोडायची असते." मग त्याने कडेच्या बारीक रेघेवर पाते ठेवले, वरून हलकेच टकटक केले आणि कवच फोडले. आतली दोन्ही चाके फितीसकट उचलून त्याने स्क्रूवाल्या एका जुन्या कॅसेटच्या कवचात बसवून दिली. ओव्या वाचल्या.

मी मात्र त्या फुटलेल्या कवचाच्या कडा हाताळत बसलो. तिथे डिंक नव्हता, खटका नव्हता. दोन अर्धे भाग एकमेकांत वितळून एकजीव झाले होते. पण वितळले म्हणावे, तर बाहेरून कुठेही भाजल्याची, काळे पडल्याची खूण नव्हती. आतली नाजूक फीतही सुखरूप होती. मग उष्णता दिली तरी कुठून?

या प्रश्नाचे उत्तर आहे, आवाजाने. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने. या जोडकामाला अल्ट्रासोनिक वेल्डिंग म्हणतात. आपल्या घरातल्या किती तरी वस्तू अशा आवाजाने जोडलेल्या असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. हा आवाज कारखान्यात कसा पोहोचला, त्याची हकीकत आज सांगायची आहे. ती सुरू होते १८८० साली, पॅरिसमध्ये.

पिएर क्युरी आणि झाक क्युरी हे दोघे सख्खे भाऊ. त्या वर्षी पिएर २१ वर्षांचा होता आणि झाक २४ वर्षांचा. मारी क्युरीची आणि पिएरची गाठ पडायला अजून बरीच वर्षे होती. या दोघा भावांना असे आढळले, की क्वार्ट्‌झसारखा स्फटिक विशिष्ट दिशेने दाबला, तर त्याच्या पृष्ठभागावर वीज निर्माण होते. हाच तो पिझोइलेक्ट्रिक परिणाम, मराठीत दाबविद्युत. आपल्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर याच तत्त्वावर चालतो. त्यात ना सेल असतो ना वायर. आपण खटका दाबतो, आतल्या स्फटिकासारख्या खड्यावर ठोका बसतो आणि ठिणगी पडते.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, गाब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले, की याच्या उलटही घडले पाहिजे. दाबल्यावर स्फटिक वीज देत असेल, तर वीज दिल्यावर त्याने आकार बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी प्रयोग करून पाहिला आणि ते खरे निघाले. म्हणजे विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट केली, तर स्फटिकही तितक्याच वेळा आखडेल आणि प्रसरण पावेल. थोडक्यात, तो थरथरेल. आणि थरथर म्हणजेच ध्वनी. पण या थरथरीचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पुढची ३०-३५ वर्षे ती गोष्ट प्रयोगशाळेतच राहिली.

तिला बाहेर काढले ते युद्धाने. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन पाणबुड्यांनी दोस्तराष्ट्रांच्या जहाजांना जेरीस आणले. पाण्याखालची पाणबुडी दिसणार कशी? प्रकाश पाण्यात फार खोल जात नाही. ध्वनी मात्र दूरवर जातो. तेव्हा पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा, अशी कल्पना पुढे आली. फ्रान्समध्ये हे काम पॉल लान्जव्हॅं या भौतिकशास्त्रज्ञाने हाती घेतले. तो पिएर क्युरीचाच विद्यार्थी. गुरूचा जुना शोध शिष्याच्या मनात होता. १९१७ साली त्याने क्वार्ट्‌झचे तुकडे पोलादाच्या दोन जाड तबकड्यांमध्ये, पावात भाजी भरावी तसे, बसवले आणि त्यांना वीज दिली. तबकड्यांसकट सगळी जोडणी थरथरू लागली आणि पाण्यात जोरदार श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे माणसाला ऐकू येण्याच्या पलीकडचा ध्वनी, पसरू लागला. १९१८ मध्ये पाणबुडीवरून आलेला प्रतिध्वनी टिपण्यातही यश आले. मात्र हे उपकरण लढाईत उतरण्याआधीच युद्ध संपले.

तूलाँ बंदरातल्या या प्रयोगांच्या वेळी एक विलक्षण गोष्ट दिसली होती. टाकीत या ध्वनीच्या झोतात आलेले लहान मासे मरत. कुणी पाण्यात हात घातला, तर हाडापर्यंत कळ जाई. आवाज म्हणजे निरोप, संदेश, अशीच आपली समजूत असते. या आवाजात तर अंगमेहनत करण्याइतकी ताकद होती!

ही गोष्ट एका पाहुण्याने डोळ्यांनी पाहिली. त्याचे नाव रॉबर्ट वुड. अमेरिकेतला हा नामांकित भौतिकशास्त्रज्ञ युद्धकाळात फ्रान्सला आला होता. ते मासे त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. पुढे त्याची गाठ आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य गृहस्थाशी पडली. लूमिस होता वॉल स्ट्रीटवरचा बडा आसामी, पण त्याचा जीव विज्ञानात. न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क इथे त्याने स्वतःची खासगी प्रयोगशाळा थाटली होती. तिथे या दोघांनी जोरदार श्राव्यातीत ध्वनीचे नाना प्रयोग केले आणि १९२७ साली ते प्रसिद्ध केले.

त्यांतला एक प्रयोग आपल्या गोष्टीसाठी फार महत्त्वाचा आहे. त्यांनी काचेची एक कांडी घेतली आणि तिचे एक टोक या कंपनांना जोडले. कांडी स्वतः थंडच होती. पण तिला चिमटीत धरले, की बोटे भाजत. कांडीचे टोक लाकडाच्या ढलपीवर दाबले, तर धूर निघे आणि टोक लाकूड जाळत आत शिरे. काय होत होते तिथे? काच कंपने वाहून नेत होती, पण स्वतः तापत नव्हती. जिथे ती दुसऱ्या वस्तूला टेकत होती, नेमक्या त्याच ठिकाणी त्या कंपनांची उष्णता होत होती. अल्ट्रासोनिक वेल्डिंगचे सगळे मर्म या एका प्रयोगात आहे. पण त्या वेळी जोडण्यासारखे प्लॅस्टिक बाजारात फारसे नव्हते आणि ही कंपने निर्माण करणारी साधनेही अवजड व महागडी होती. त्यामुळे धागा तिथेच सुटला.

दोन्ही अडचणी दुसऱ्या महायुद्धाने आणि त्यानंतरच्या दशकाने दूर केल्या. क्वार्ट्‌झच्या जागी कृत्रिम सिरॅमिक आले. युद्धकाळात बेरियम टिटॅनेट आणि १९५०च्या दशकात त्याहून सरस असे लेड झिर्कोनेट टिटॅनेट. मातीच्या पणतीसारखे हे साच्यात घालून, भट्टीत भाजून हव्या त्या आकाराचे करता येते. त्याच काळात पॉलिस्टायरिन, एबीएस, पॉलिकार्बोनेट अशी टणक प्लॅस्टिके कारखान्यांतून बाहेर पडू लागली. खेळणी, डबे, रेडिओची खोकी, सगळे प्लॅस्टिकचे होऊ लागले. आणि एक नवीच डोकेदुखी उभी राहिली. साच्यातून वस्तू निघते ती अर्धी-अर्धी. पोकळ वस्तू करायची, तर दोन अर्धे भाग जोडायला हवेत. पण कसे? स्क्रू लावायचे, तर प्रत्येक स्क्रूसाठी पैसे आणि तो आवळायला हात. द्रावणाने चिकटवायचे, तर वाळेपर्यंत थांबा, ओघळ पुसा आणि दिवसभर त्या उग्र वाफा छातीत घ्या.

आता आपण येतो अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात. १९६०च्या दशकाची सुरुवात. ब्रॅन्सन इन्स्ट्रुमेंट्‌स नावाची कंपनी अल्ट्रासोनिक उपकरणे बनवत असे. तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता रॉबर्ट सोलॉफ. पातळ प्लॅस्टिक कागदाच्या पिशव्यांची तोंडे अल्ट्रासोनिक कंपनांनी बंद करण्याचे प्रयोग तिथे चालू होते. कंपन पावणारी दांडी कागदावर टेकवायची, की तिच्याखालचा कागद चिकटे. जिथे दांडी, तिथे जोड. टणक आणि जाड वस्तू अशा जोडता येतील, असे कुणाला वाटत नव्हते.

अशी हकीकत सांगतात, की एकदा सोलॉफच्या हातून ती दांडी चुकून टेबलावरच्या चिकटपट्टीच्या प्लॅस्टिक स्टँडला लागली. त्या स्टँडचे दोन अर्धे भाग होते. पाहतो तो काय, दोन्ही भाग एकमेकांना पक्के जोडले गेलेले! आणि गंमत म्हणजे दांडी जिथे टेकली होती तिथे नव्हे, तर तिथून दूर, दोन भाग जिथे एकमेकांना भिडत होते त्या सांध्यावर. वुडच्या काचेच्या कांडीची आठवण होते ना? टणक प्लॅस्टिकनेही काचेसारखेच केले होते. कंपने स्वतःतून पुढे जाऊ दिली आणि सांध्यावर नेऊन सोडली. म्हणजे सगळ्या कडेवरून दांडी फिरवण्याची गरजच नव्हती. वरून एकदा टेकवा, आतला सांधा आपोआप जुळेल.

सोलॉफ आणि त्याचा सहकारी सीमूर लिन्स्ली यांना या पद्धतीचे पेटंट १९६५ साली मिळाले. पद्धत पहिल्यांदा उचलली ती खेळण्यांच्या कारखान्यांनी.

आता हे यंत्र चालते कसे, ते पाहू. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. यंत्राचा विद्युत भाग तिचे हेलकावे वाढवून सेकंदाला साधारण २०,००० करतो. माणसाच्या कानाची मर्यादाही जवळपास इथेच संपते. ही वीज सिरॅमिकच्या चकत्यांना मिळते आणि त्या थरथरू लागतात. या चकत्या धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये बोल्टने घट्ट आवळलेल्या असतात. म्हणजे १९१७ सालची लान्जव्हॅंची ती पोलादी जोडणीच! पाणबुडी शोधणाऱ्या उपकरणाचा सांगाडा आजही कॅसेट, चार्जर जोडणाऱ्या यंत्राच्या पोटात आहे.

ही थरथर पुढे हॉर्न नावाच्या धातूच्या दांडीत जाते. हॉर्न टायटॅनियमचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि त्याची लांबी फार काटेकोर ठरवावी लागते. या धातूंत ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर जातो. त्याला २०,०००ने भागले, की एका लहरीची लांबी येते २५ सेंटिमीटर. हॉर्न तिच्या निम्मा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. तंबोऱ्याची तार सुरात लावावी, तसा हॉर्न सुरात लावावा लागतो. बेसूर हॉर्न काम करत नाही, उलट तडकतो.

हॉर्नचे टोक हलते ते किती? फार तर केसाच्या जाडीएवढे. पण अर्ध्या सेकंदात दहा हजार वेळा. खाली साच्यात प्लॅस्टिकचे दोन भाग एकावर एक ठेवलेले असतात. हॉर्न वरून दाब देतो आणि थरथरतो. लोखंडी तार तोडायची असली, की आपण ती एकाच ठिकाणी भराभर वाकवतो. तेव्हा वाकण्याची जागा हाताला गरम लागते. प्लॅस्टिकचेही तसेच होते. त्याचे लांबलचक रेणू सारखे दाबले-सोडले गेल्याने आतल्या आत घासतात आणि तापतात.

पण ते नेमके सांध्यावरच का तापावे? इथे साचा करणाऱ्याची हुशारी आहे. दोनपैकी एका भागाच्या कडेवर तो मुद्दाम एक बारीक, त्रिकोणी धार ठेवतो. तिची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिला एनर्जी डायरेक्टर म्हणतात. सगळा दाब आणि सगळी थरथर त्या इवल्याशा धारेवर एकवटते. ती क्षणात वितळते, सांध्यात पसरते, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत शिरतात. थरथर थांबते, पण दाब आणखी क्षणभर तसाच राहतो. प्लॅस्टिक थिजते. झाले काम. सगळे मिळून एक-दोन सेकंद. माझ्या कॅसेटच्या कडेला जी बारीक रेघ होती, ती त्या वितळलेल्या धारेची खूण.

सगळ्याच प्लॅस्टिकांना हे जमत नाही. जे पुन्हा वितळते तेच जोडता येते. मेण वितळते आणि पुन्हा थिजते, पण भाजलेली वीट पुन्हा माती होत नाही. जुन्या रेडिओंची बेकेलाइटची कवचे विटेच्या जातीची, म्हणून ती अशी जोडता येत नाहीत. पॉलिस्टायरिन, एबीएस झटकन जुळतात. नायलॉन जरा हट्टी. त्याने हवेतला दमटपणा शोषला असेल, तर सांध्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि जोड कच्चा राहतो.

खेळण्यांपासून सुरू झालेली ही पद्धत हळूहळू सगळीकडे पसरली. कॅसेट, संगणकाच्या फ्लॉपी, मोटारींचे मागचे दिवे, मोबाइलचे चार्जर. रुग्णालयात रक्त आणि सलाइन ज्या गाळण्यांतून जाते, त्यांची कवचेही बहुधा अशीच बंद करतात. कारण इथे डिंक नाही, द्रावण नाही. रक्तात मिसळण्याजोगे परके काही सांध्यात नसतेच. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आपण सर्वांनी तोंडाला पट्ट्या बांधल्या. त्या तीन पदरी मास्कच्या कडा आठवून पाहा. शिवण नव्हती, बारीक ठिपक्यांची रांग होती. कानाच्या दोऱ्या जिथे लागतात तिथे चार कोपऱ्यांत चार चपटे ठसे होते. तो हॉर्नचा ठसा. सुईने भोक पडते, आवाजाने पडत नाही. बाजारातल्या कापडी वाटणाऱ्या, पण खरे तर पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांच्या कडांवरही असेच ठिपके सापडतील.

मंडळी, इथपर्यंत ही कौतुकाची गोष्ट झाली. पण त्या दुरुस्तीवाल्याचे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. "ही उघडायची नसते, फोडायची असते."

स्क्रू ही एक विलक्षण वस्तू आहे. तो जोडतो, आणि त्याच वेळी सांगतो, की इथून उघडता येईल. पुढे कधीतरी कुणाला आत पाहावे लागेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. आवाजाने केलेला जोड तसे काही सांगत नाही. काही ठिकाणी ते योग्यच आहे. चार्जरच्या आत २३० व्होल्टची वीज खेळते. लहान मुलाचे बोट तिथे पोहोचू नये, म्हणून तो कायमचा बंद असलेला बरा. रक्ताची गाळणी कुणी उघडूच नये. शिवाय सांध्यात धातू आणि डिंक नसल्याने टाकाऊ कवच भरडून पुन्हा वितळवणेही सोपे जाते.

पण कित्येक वस्तू अशा असतात, ज्यांच्या आत एखादी सुटलेली तार किंवा दमलेली बॅटरी एवढाच बिघाड असतो. त्या उघडता आल्या, तर चार पैशांत नीट होतील. उघडता येत नाहीत, म्हणून कचऱ्यात जातात. आपल्याकडे गल्लीगल्लीत दुरुस्तीची दुकाने होती. त्या कारागिरांचे ज्ञान स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाशी होते. बंद कवचापुढे ते निकामी ठरते. हा प्रश्न आता सरकारदरबारीही पोहोचला आहे. केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयक नियम केला. उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत, अशी त्यातली तरतूद २०२७ पासूनची आहे.

यात दोष त्या आवाजाचा नाही. हेच अल्ट्रासोनिक यंत्र आणखी एक काम करते, ते फारसे कुणाला माहीत नसते. पितळेचा आटे पाडलेला छोटा नळकांडा ते प्लॅस्टिकमध्ये पक्का बसवते. पितळ थरथरते, भोवतालचे प्लॅस्टिक वितळते आणि नळकांड्याला घट्ट धरून ठेवते. हे कशासाठी? तर त्यात स्क्रू बसावा आणि वस्तू पुन्हापुन्हा उघडता यावी म्हणून! तेच यंत्र, तोच हॉर्न, तीच थरथर. वस्तू कायमची बंद करायची की उघडण्याची सोय ठेवायची, हे यंत्र ठरवत नाही. ते कागदावर आराखडा काढणारा माणूस ठरवतो, आणि दुकानात वस्तू निवडणारे आपणही थोडेफार ठरवतो.

म्हणून पुढच्या वेळी एखादी वस्तू विकत घेताना ती जरा उलटी करून पाहा. स्क्रू आहेत की नुसती बारीक रेघ आहे? रेघ असेल, तर ती तशी का आहे, असे दुकानदाराला एकदा विचारा. त्याला उत्तर येईलच असे नाही. पण हा प्रश्न पुष्कळ लोकांनी विचारला, तर तो कधीतरी आराखडा काढणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचेल.

आजीच्या ओव्या अजून माझ्याकडे आहेत, त्या पाच स्क्रूंच्या कवचात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)